बटेतलं मटण

आमच्या ह्यांच्या डोक्यावर केस किती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, एक बट. डाव्या कानाच्या वरून निघते, टकलावरून आडवी जाते आणि उजव्या कानापाशी जाऊन टेकते. वारा सुटला की ती उठून उभी राहते, आणि मग हे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बट असे रस्त्याने चालतात. एरवी माझ्या शब्दाबाहेर नसलेला माणूस, पण बटेचा विषय निघाला की कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. कात्री दाखवून दाखवून मी थकले. त्याच बटेपायी माझा संसार मोडायला निघाला होता, म्हणून तर हे सगळं सांगायला बसले आहे.

ह्यांची नोकरी हाडांची. संग्रहालयाच्या तळघरात पुरातत्त्ववाल्यांचं हाडांचं कोठार आहे, ते हे सांभाळतात. हजारो वर्षांपूर्वी पुरलेली माणसं जमिनीतून निघतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून ह्यांच्याकडे येतात. हे त्यांना मऊ ब्रशने साफ करतात आणि सावलीत वर्तमानपत्रावर वाळत घालतात. उन्हात नाही, उन्हात हाड तडकतं. प्रत्येक हाडावर बारीक निबाने नंबर घालायचा. कवटी गडगडू नये म्हणून तिच्याखाली कापडाची चुंबळ ठेवायची. हाच माणूस घरी स्वतःचा ओला टॉवेल पलंगावर टाकतो, ते सोडा. गल्लीत ह्यांना सगळे सांगाडेकाका म्हणतात, आणि ह्यांना ते आवडतं.

तसे हे मुखदुर्बळ. लग्नकार्यात कोपऱ्यात खुर्ची धरून बसतील आणि जेवणं झाली की घरी चला म्हणून मला खुणा करतील. पण कुणी चुकून हाडांचं काही विचारलं की संपलं. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, त्या काळी माणसाला पुरायचे कसे हो? झालं. हे उठले, सतरंजीवर कुशीवर निजले, गुडघे पोटाशी घेतले, एक हात गालाखाली ठेवला, डोळे मिटले आणि तसेच पडून राहिले. सासरे चहाचा कप हातात धरून बघत बसले. मी दोनदा खाकरले. हे काही उठेनात, कारण त्यांच्या मते पाहुण्यांना नीट बघून झालेलं नव्हतं. लग्न मोडलं नाही हे माझ्या मुलीचं नशीब.

जेवताना तर ह्यांच्या अंगात येतं. मी भात वाढत असते आणि हे मला दुसऱ्याचे दात सांगत असतात. दगडावर दळलं की धान्यात कच यायची, त्याने दात कसे झिजायचे. कुणाच्या दाढा किडल्या होत्या, म्हणजे तो गोड खायचा. मी म्हणते, तुमच्या पुढ्यात काय आहे ते सांगा बघू. तर ताटाकडे बघावं लागतं.

अशात ती बाई आली. दुरून कुठून तरी, खारट जमिनीतून. त्या मिठामुळे म्हणे तिची वेणी जशीच्या तशी राहिली होती, आणि इतक्या जुन्या माणसाचे केस मिळणं म्हणजे लॉटरीच. ह्यांच्या जिभेवर रात्रंदिवस बाई. आज बाईंची वेणी सुटी केली. आज बाईंना नवीन खोकं दिलं. मी म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी वेणी कधी घातलीत का? तर म्हणाले, तुझी तुला घालता येते. तेव्हापासून मी तिला सवत म्हणायला लागले. पुढे ती खरोखरची सवत व्हायची होती हे मला काय माहीत.

मग मी पडले. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड मोडलं म्हणून हे कामाला येतील असं कुणाला वाटेल, पण ह्यांना मेलेल्यांचीच हाडं कळतात. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, परत ऑपरेशन झालं. मी नळ्यांच्या जंजाळात पडून होते आणि डॉक्टर एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे, त्यावरूनच मला कळायचं की माझं काही खरं नाही. नंतर जरा बरं वाटल्यावर मुलगी मला तिच्या गावी घेऊन गेली. या सगळ्यात सहा-सात महिने गेले असतील. हॉस्पिटलात भेटायला कुणाला आत सोडत नव्हते, पण ह्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. मी एकच विचारायची, जेवलात का? आणि हे सांगायचे. दुधीची भाजी केली होती, जरा खारट झाली. आज भात मोकळा झाला. आज वाटाण्याचं सूप. इतकं रसभरीत सांगायचे की माझा जीव भांड्यात पडायचा.

तो पडायला कारण होतं. ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला सूज येते, वांग्यासारखा फुगतो, आणि डॉक्टरांनी मटण-मासे साफ बंद केले होते. ह्यांना मटणाची भारी आवड. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा ह्यांनी माझा हात धरून कबूल केलं होतं की मी नसले तरी पथ्य मोडणार नाही. मी घरी परतले तेव्हा ह्यांचं पोट चांगलं उतरलेलं दिसलं. पथ्य मानवलं, म्हणून मी शेजारणींपाशी कौतुकसुद्धा केलं.

आता बटेकडे येते. संग्रहालयात एक मॅडम आहेत, हाडांवरून आणि केसांवरून माणूस काय खात होता ते काढणाऱ्या. केस महिन्याला साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्याने वाढतो आणि त्या महिन्यात जे खाल्लं त्याची खूण त्यात राहते. केसाचे तुकडे करून यंत्रात घातले की एकामागून एक महिने वाचता येतात. मिठातल्या बाईचे महिने वाचून झाले, पण शेजारी ठेवायला आजच्या माणसाचा लांब केस हवा होता. विद्यार्थ्यांचे बघितले, तर कुणी रंगवलेले, कुणी इस्त्री फिरवून सरळ केलेले. मॅडम निराश होऊन तळघरात आल्या आणि त्यांची नजर ह्यांच्या डोक्यावर गेली. वर्षानुवर्षं कात्री नाही, रंग नाही, फक्त तेल. असा केस म्हणे शोधून मिळत नाही. ह्यांना दोन दिवस झोप लागली नाही. शेवटी विज्ञानासाठी म्हणून बटेतली एक चिमूट मुळापासून कापून दिली आणि घरी टोपी घालून आले. मी जेवणाचं ताट पुढे केलं तरी टोपी काढेनात.

पुढे प्रदर्शन लागलं. मी ठेवणीतली साडी नेसले, हे शर्टाला इस्त्री करून घेऊन आले. काचेच्या पेटीत माझी सवत कुशीवर निजली होती, आणि मागे भिंतीवर दोन मोठे फलक होते, एक तिचा, एक ह्यांचा. ह्यांच्या फलकावर लिहिलं होतं, आजचा माणूस. मॅडमनी लोकांना समजावून सांगितलं की लाल रेघ वर चढली म्हणजे मांस किंवा मासे जास्त खाल्ले. बाईची रेघ बघा, आधी सपाट आणि मरणाच्या आधीचे काही महिने भराभर वर. म्हणजे शेवटी तिला रोज मेजवानी होती. साधी बाई नसणार, टोळीची राणीच असणार. लोकांनी माना डोलावल्या. मग मॅडम हसून म्हणाल्या, की आपल्या काकांनीसुद्धा मध्यंतरी काही महिने राणीसारखंच जेवण केलेलं दिसतंय. लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि आमचे हे वाकून नमस्कार करायला लागले.

मी मात्र फलकाजवळ गेले. मुळाकडून, म्हणजे अलीकडून, बोट ठेवत ठेवत मागे महिने मोजत गेले. रेघेचा डोंगर बरोब्बर माझ्या हॉस्पिटलवर उभा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नळ्या लावून मरायला टेकले होते आणि हा माणूस इकडे मटण हाणत होता?

तसंच मी विचारलं, आणि हळू आवाजात विचारलं असं मी म्हणणार नाही. सगळं दालन वळून बघायला लागलं. ह्यांनी फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फलकाकडे बघितलं. टकलावर घाम आला.

"हो," ह्यांनी सांगितलं. "खाल्लं."

घरी आल्यावर मी उलटतपासणीला बसवलं. नुसतं मटण का? मासेही, म्हणाले. कसले मासे? मोठे. नदीतले की समुद्रातले? यावर बराच विचार करून म्हणाले, समुद्रातले. कुठे खाल्ले? हॉटेलात. कुठल्या हॉटेलात? ते बंद पडलं. मी म्हटलं, तुम्ही रोज जेवत असताना बंद पडलं? तर खाली मान घालून म्हणाले, मीच जास्त खाल्लं असेल. असं उत्तर ऐकून कुठलीही बाई हसली असती. मला हसू आलं नाही.

मटणाचं मला काही नव्हतं. अंगठा सुजला तर त्यांचाच सुजणार. पण रोज संध्याकाळी फोनवर त्या दुधीच्या गप्पा मारल्या ते काय होतं? आणि मी जाते की राहते अशी वेळ असताना ज्या माणसाला एवढी भूक लागते, त्याच्यासाठी मी काय म्हणून जीव टाकत होते? मुलगी कधीची म्हणत होती, आई, तू कायमची माझ्याकडे ये, तुला आता जिने चढवत नाहीत. मी दर वेळी म्हणायची, माझ्यामागे बाबांच्या जेवणाचं कोण बघणार? आता तो प्रश्नच मिटला होता. मी मुलीला कळवलं की येते, येत्या रविवारी न्यायला ये. ह्यांना सांगितलं. हे फक्त बरं म्हणाले. निदान थांब म्हणतील असं वाटलं होतं, तेही नाही. तेव्हा मला फार लागलं.

इकडे ह्यांची कीर्ती वाढत चालली. शाळांच्या सहली यायच्या आणि मुलं फलकासमोर उभी राहून आजच्या माणसाला दाखवा म्हणायची. मग पहारेकरी तळघरातून ह्यांना वर आणायचा. कामावरचे लोक ह्यांना वाघ म्हणायला लागले. डब्याच्या वेळी सगळे ह्यांच्याभोवती बसून काय काय खाल्लंत ते सांगा म्हणायचे, आणि हे सांगायचे. ज्या माणसाला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, तो रोज एक नवीन जनावर खाऊन घरी यायला लागला.

चौकातल्या मटणवाल्याच्या कानावर हे गेलं. तो एका दुपारी आमच्या घरी आला, हात स्वच्छ धुऊन, आणि खुर्चीच्या टोकावर बसला. रागाने नाही, दुःखाने बोलत होता. माझं दुकान तुमच्या रस्त्यावर, म्हणाला. तुम्ही रोज माझ्यासमोरून जाता. डॉक्टरांनी बंद केलंय म्हणालात, मी मानलं, कधी आग्रह केला नाही. आणि तेव्हा तुम्ही महिनोन् महिने दुसऱ्याचं मटण खात होतात? माझं काय चुकलं तेवढं सांगा. हे पुटपुटले की तुमचं चांगलंच असतं, पण लांबचं जास्त लागतं. हे ऐकून त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला चहा करून दिला, दुसरा कपही दिला. त्या घरात माझं दुःख समजणारा तो एकटाच होता.

शनिवारी मी कपडे भरत होते. हे कामावर गेले होते. तेवढ्यात दार वाजलं, तर मॅडम. काखेत कागदाची गुंडाळी. मला वाटलं भांडण मिटवायला आल्या, म्हणून मी तोंड घट्ट केलं. पण त्यांना आमच्या भांडणाचं काही नव्हतं, त्यांना त्यांचा पेच पडला होता. म्हणाल्या, काकांनी नक्की काय खाल्लं ते तुम्हीच सांगा, कारण ते रोज वेगळं सांगतात. काल बदक म्हणाले. मी मला माहीत असलेलं सगळं सांगितलं, मटण, समुद्रातले मोठे मासे, बंद पडलेलं हॉटेल. मॅडमनी पलंगावर कागद पसरला. त्यावर लाल रेघेखाली एक निळी रेघ होती, ती प्रदर्शनात लावली नव्हती. समुद्रातले मासे खाल्ले की ही निळी पण चढते, रोजचं मटणही तिला थोडं हलवतंच, म्हणाल्या, आणि इथे ती ढिम्म हललेली नाही. जे काका सांगतात त्यातलं काहीच त्यांच्या केसात नाही.

"मग लाल कशाने चढली?" मी विचारलं.

माझ्या उघड्या बॅगेकडे मॅडमनी बघितलं आणि मग बाजूला होऊन पलंगाच्या कडेला बसल्या.

"दोन गोष्टींनी चढते," त्या म्हणाल्या. "एक, मांस खाल्लं तर. आणि दुसरं, माणूस खायचाच थांबला तर. बाहेरून काही येईना झालं की शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. यंत्राला कळत नाही ते कुणाचं आहे."

मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्या जरा वेळ स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत राहिल्या. मिठातल्या बाईचीही निळी हलली नव्हती, आम्ही म्हटलं नदीचे मासे असतील. मी तिला राणी करून टाकली, उद्याच फलक उतरवायला हवा. ती राणीबिणी नव्हती हो, ती उपाशी मेली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण मला त्या वेळी त्या बाईचं ऐकायला कान नव्हते. मॅडम कधी गेल्या, मी दार लावलं की नाही, मला आठवत नाही.

ती दुधीची भाजी, तो मोकळा झालेला भात, ते वाटाण्याचं सूप. रिकाम्या घरात, चूल न पेटवता, हा माणूस रोज संध्याकाळी फोन कानाला लावून मला ते वाढत होता. आणलं कुठून एवढं? मग माझ्या लक्षात आलं. खारट झालेली दुधी माझ्या हातची होती, आदल्या वर्षीची. ते सूप मुलगी आली होती तेव्हाचं. मीच केलेली जेवणं हा माणूस आठवून आठवून मला सांगत होता. ताटाकडे न बघता जेवणारा माणूस. मला वाटायचं, ह्यांना मी केलेलं काही आठवतच नसेल.

हे संध्याकाळी आले. चपला काढल्या, टोपी काढली, बट नीट केली, आणि बॅग भरून झाली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बसा. मॅडम येऊन गेल्या म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. खोटं पकडल्यावर उतरतो ना, तसा. मी विचारलं, का जेवला नाहीत? म्हणाले, प्रयत्न केला. पाव आणायचो, दूध आणायचो. घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. तू तिथे नळीतून घेत होतीस ना.

"मग मला सांगायचं होतं."

"तुला? तेव्हा?"

"तेव्हा नाही, नंतर. त्या दिवशी त्या फलकासमोर. मटण खाल्लं म्हणून कशाला सांगितलंत?"

ह्यांनी पलंगावरच्या टॉवेलची कड चिमटीत धरली. "मटण खाल्लं म्हटलं की तू चिडतेस," म्हणाले. "जेवलोच नाही म्हटलं असतं तर रडली असतीस. तू चिडलीस तर मला चालतं, सवय आहे. तू रडलीस की मला काही सुचत नाही."

"आणि मी उद्या मुलीकडे निघाले होते, तेही चाललं असतं?"

मग म्हणाले, तिकडे जिने नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. नळ चालू होता, तरी ह्यांना ऐकू गेलं असणार, कारण बाहेर भांडं पडल्याचा आवाज झाला आणि हे दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. मग मी तोंड धुतलं, भात टाकला, दुधी चिरली. ताट समोर ठेवलं आणि डाव हातात घेऊन उभी राहिले. हे जेवायला लागले. मी म्हटलं, हा काय घास, चिमणीचा? मोठा घ्या. ह्यांनी मोठा घेतला. गिळा, म्हटलं. गिळला. इतका राग मला प्रदर्शनाच्या दिवशीसुद्धा आला नव्हता.

ह्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथून हलले नाही. मग मुलीला फोन केला आणि सांगितलं, उद्या येऊ नकोस, मी इथेच राहते. ती वैतागली. म्हणाली, आई, तुझं काही कळत नाही, एवढा तमाशा केलास, आणि आता बाबांनी मटण खाल्लं ते माफ करून टाकलंस?

मी म्हटलं, "खाल्लं असतं तर बरं झालं असतं गं."